जॉर्जची पतसंस्था

विटा, १२ डिसेंबर

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोनवर म्हणालीस, रूममेट सुट्टीला आपापल्या घरी चालल्यात, २४ तारखेला फ्लॅटवर मी एकटीच. तेव्हापासून आईनं दोनदा लाडू वळायला घेतले. ते पार्सल पोचेपर्यंत संक्रांत उजाडेल, म्हणून मी आधी पत्र पाठवतो. टाइप मीच केलंय, काना-मात्रा सांभाळून घे.

आपल्याकडं नाताळ म्हणजे बेकरीत मांडलेले केक, मिरजेला गेलो तर चर्चवरच्या चांदण्या, आणि रात्री इंग्रजी चॅनेलवर 'होम अलोन'. चोराच्या तोंडावर दोरीला बांधलेला रंगाचा डबा आदळला की तू उशी दातात धरून हसायचीस. पॅरिसच्या विमानतळावर घरी एकट्या राहिलेल्या त्या पोराची आई तिकिटासाठी घड्याळ आणि कानातले काढून द्यायला निघते, तेवढ्यात तुझी आई दरवर्षी उठून आत जायची. दूध उतू जातंय म्हणायची. या ऑगस्टपासून मला ते दूध कळायला लागलंय.

'होम अलोन'मधलं ते लाल विटांचं घर तुझ्याजवळच आहे, शिकागोच्या उत्तरेला विनेटकात. मेट्राची लोकल गाडी जाते. कोणाचं तरी राहतं घर आहे, तेव्हा रस्त्यावरून बघायचं आणि परत यायचं. बेल दाबायची नाही!

पण मला सांगायचं होतं दुसऱ्याच पिक्चरबद्दल. 'इट्स अ वंडरफुल लाइफ', १९४६ चा, काळा-पांढरा, फ्रँक काप्राचा. रिटायर झाल्यावर मोबाईलवर पाहिला. बेडफर्ड फॉल्स नावाच्या लहान गावातली 'बिल्डिंग अँड लोन' असते, वडील नि काकांनी चालवलेली. वडील गेल्यावर ती जॉर्ज बेलीच्या गळ्यात पडते. गावाच्या ठेवी घ्यायच्या आणि गावातल्याच लोकांना घरासाठी कर्ज द्यायचं. मी आईला हाक मारली, "अगं ये, अमेरिकेत पतसंस्थेवर पिक्चर काढलाय!"

जॉर्ज लग्न लागल्या लागल्या मधुचंद्राला निघालेला असतो. बाहेर पाऊस. टॅक्सीतून दिसतं, की संस्थेच्या दारात माणसं जमलीत. तो उतरतो. लोक म्हणतात आमचे पैसे द्या. तो म्हणतो, पैसे इथं नाहीत, ते तुमच्या शेजारच्या ज्योच्या घरात आहेत. लोक ऐकत नाहीत. मग बायको मधुचंद्राचे २००० डॉलर पुढं करते. एक जण त्यातून आपले सगळे २४२ डॉलर मोजून घेतो, कोणी वीस मागतं, एक बाई साडेसतराच मागते. संध्याकाळी सहाला दार बंद होतं तेव्हा दोन डॉलर उरलेले असतात, आणि ही माणसं त्या दोन नोटा घेऊन नाचतात.

तू तिसरीत होतीस. शेजारच्या तालुक्यातली एक पतसंस्था बुडाल्याची बातमी आली आणि सोमवारी आमच्या पतसंस्थेच्या दारात रांग लागली. मी कॅश काउंटरला. तुमचे पैसे यंत्रमागात आहेत, पोल्ट्रीत आहेत, हे मी त्या दिवशी किती वेळा सांगितलं असेल. साडेसतरावाली बाई मात्र मला भेटली नाही. बाजारात भाजी विकणाऱ्या एक मावशी होत्या, पिग्मीचं पुस्तक दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून आणायच्या. त्यांनी पै न् पै काढून घेतली, माझ्यासमोर दोनदा मोजली. तीन महिन्यांनी तीच पिशवी घेऊन परत आल्या, पिग्मी चालू करा म्हणाल्या. मी काही बोललो नाही, पुस्तकावर नवा नंबर घातला.

पिक्चरमध्ये पुढं जॉर्जचे काका बँकेत भरायचे ८००० डॉलर घालवून बसतात. पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळलं जातं आणि तो पेपर पॉटर नावाच्या सावकाराच्या हाती पडतो. रोकड वर्तमानपत्रात! मी तिथंच पिक्चर थांबवून चहा घेऊन आलो. त्यात नेमका त्याच दिवशी ऑडिटर आलेला. शेवटी सगळं गाव पैसे आणून टोपलीत टाकतं, त्यात ऑडिटरही खिशात हात घालतो. माझ्या ३१ वर्षांच्या नोकरीत असा ऑडिटर आला नाही. आणि पॉटरला शेवटपर्यंत काही म्हणजे काही होत नाही. ते मला अजून खुपतं, पण खरं तसंच असतं.

गंमत म्हणजे लागला तेव्हा हा पिक्चर फारसा चालला नाही. १९७४ ला कॉपीराइटचं नूतनीकरण करायचं राहून गेलं. आपल्याकडं मुदत ठेवीची पावती राहते ना कपाटात, तसं. मग टीव्हीवाल्यांना तो फुकट मिळाला, दर डिसेंबरला ते लावत सुटले आणि घराघरात पोचला. अख्खा बर्फही खोटा, शूटिंग ऐन उन्हाळ्यातलं. तोवर पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स वापरायचे, पण ते पायाखाली इतके कुरकुरायचे, की संवाद नंतर परत बोलून घ्यावे लागत. म्हणून यांनी आग विझवायच्या फेसात साबण नि पाणी मिसळून बिनआवाजाचा बर्फ केला. पुलावरच्या प्रसंगात जॉर्ज झालेल्या जेम्स स्ट्यूअर्टच्या तोंडावर घाम दिसतो, नीट बघ.

आता तू त्या दिवशी विचारलंस ते. "बाबा, गलाईच्या, सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात निम्मा विटा देशभर पांगला, तुम्ही कधीच बाहेर पडला नाहीत. वाईट वाटत नाही?" मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला. रेंज होती.

जॉर्जला जग बघायचं असतं. मोठी बॅग घ्यायला दुकानात जातो, लेबलं चिकटवायला भरपूर जागा असलेली. ती बॅग कुठंच जात नाही. आणि तो काही संत नाही. पैसे हरवतात त्या संध्याकाळी घरी येऊन पोरांवर खेकसतो. एक पोरगी नाताळसाठी पियानोवर एकच गाणं पुन्हा पुन्हा घोटत असते, तिच्यावर ओरडतो.

रांगेच्या त्या सोमवारी मी रात्री साडेनऊला घरी आलो, तेव्हा तू तेराचा पाढा म्हणत होतीस. तेरा साते एक्याण्णवला अडकायचीस आणि पहिल्यापासून सुरू करायचीस. तिसऱ्यांदा अडकलीस तेव्हा मी पुस्तक हिसकून फेकलं. तुला आठवत नसेल. मला तो पियानोचा प्रसंग अजून सलग बघता येत नाही.

वाईट वाटलं, चिऊ. दर एप्रिलला, हिशेब बंद झाले की आठ-दहा दिवस वाटायचं. मग नवीन वर्षाची खाती उघडायची असायची. सांगलीला तुझी बॅग घेताना मी दुकानदाराला उगाच सगळ्यांत मोठी काढायला लावली, आणि विमानतळावर वजन जास्त भरल्यावर तू माझ्यावर चिडलीस. तर ते त्यामुळं.

२४ ला तुझ्या संध्याकाळी सात वाजता लाव, इथं २५ च्या सकाळचे साडेसहा असतील. दोन तास दहा मिनिटांचा आहे. आई म्हणते तिला इंग्रजी कळत नाही, पण गजर तिनंच लावलाय. लाइट गेली तर आम्ही मोबाईलवर बघू. त्या पियानोला मी उठून आत जाईन, तेवढं चालू ठेव.

तुझा,
बाबा