औलीसाठी बर्फ करायचा तर जानेवारीच्या रात्रींत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उत्तराखंडच्या डोंगरांतल्या औली या स्कीइंगच्या ठिकाणी बर्फ नसल्याची बातमी आणि मातकट उताराचा फोटो आपल्या दैनिकात आल्यापासून वाचकांच्या पत्रांत एकच मागणी दिसते आहे. सरकारने परदेशातून बर्फ करणारी आणखी यंत्रे आणावीत, म्हणजे स्कीइंगचा हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत लांबेल, स्पर्धा रद्द होणार नाहीत आणि महाराष्ट्रातून जाणारे पर्यटक व खेळाडू हिरमुसून परतणार नाहीत. मी नागपूरच्या एका तंत्रनिकेतनात रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंग हा विषय शिकवून निवृत्त झाले. माझी मुलगी अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या रटलंड गावी राहते आणि तिच्या घरापासून अर्ध्या तासावर किलिंग्टन हा स्कीइंगचा मोठा डोंगर आहे. तिथे बर्फ कसा करतात, तो वसंतापर्यंत कसा टिकवतात हे मी जवळून पाहिले आहे. औलीही पाहिली आहे. म्हणून हे लिहिते आहे.

मुळात यंत्रे औलीत आलेलीच आहेत. जानेवारी 2011 मध्ये डेहराडून व औली येथे पहिल्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धा झाल्या. त्यानिमित्ताने तिथे स्नो गन म्हणजे पाणी फवारून बर्फ करणारी यंत्रे आली, पाइपलाइन आली, चेअरलिफ्टच्या वरच्या टोकाजवळ कृत्रिम तलाव झाला. तरीही फेब्रुवारी 2023 मधल्या राष्ट्रीय स्पर्धा बर्फाअभावी रद्द कराव्या लागल्या. यंत्रे असून ही वेळ का आली, ते समजून न घेता आणखी यंत्रांची मागणी करणे म्हणजे पुन्हा तेच होण्याची सोय करणे आहे.

बर्फ करण्याची ही पद्धत नवी नाही. 1950 मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात ती पहिल्यांदा एका उतारावर वापरली गेली. पाणी आणि दाबाखालची हवा एकत्र फवारायची. बाहेर पडताना हवा एकदम प्रसरण पावून गार होते, तिच्यासोबतच्या बारीक थेंबांचे बर्फाचे बीज तयार होते आणि बाकीचे थेंब जमिनीवर पोहोचेपर्यंत त्याभोवती गोठतात. पण हे घडते की नाही, ते नुसत्या हवेच्या तापमानावर ठरत नाही. ते वेट बल्ब तापमानावर ठरते, म्हणजे ओले फडके गुंडाळलेली तापमापी जे दाखवते त्यावर. नागपूरकरांना हे शिकवायला मला कधी अडचण आली नाही. मे महिन्यात आपल्याकडे कूलर खोली गार करतो; तोच कूलर मुंबईत नेला तर नुसता दमटपणा वाढवतो. स्नो गनचे अगदी तसेच आहे. हवा शून्य अंशावर आणि आर्द्रता 50 टक्के असली तर वेट बल्ब उणे 3 च्या आसपास उतरतो आणि गन चालू करता येते. हवा तितकीच थंड, पण धुक्याने भरलेली असली तर वेट बल्बही शून्यावरच राहतो आणि गनमधून नुसते पाणी पडते. कामाचा बर्फ साधारण उणे 2-3 वेट बल्बच्या खालीच सुरू होतो. उणे 8-10 ला तीच गन कित्येक पट जास्त आणि जास्त कोरडा बर्फ देते.

म्हणजे बर्फ करण्याचे तास मोजके असतात. बहुतेक रात्रीचे, बहुतेक डिसेंबर-जानेवारीतले. ते तास आले की त्या क्षणी पाणी, वीज आणि माणसे तिन्ही तयार हवीत. एवढ्यासाठीच सगळा आटापिटा असतो.

किलिंग्टनच्या पायथ्याशी एका जानेवारीच्या रात्री मी मुलीबरोबर थांबून हे काम पाहिले. स्कीइंगच्या उताराच्या कडेने ठरावीक अंतरावर पाण्याचे आणि हवेचे व्हॉल्व्ह जमिनीतून वर आलेले, त्यांना जोडलेले होज, पुढे उंच खांबावरची गन. फवाऱ्याखाली एक तरुण कामगार उभा राहिला आणि त्याने जॅकेटची बाही पुढे धरली. पडणारे कण बाहीवरून उडून जात होते की चिकटत होते, हे तो बॅटरीच्या उजेडात पाहत होता. चिकटले की बर्फ ओला, मग पाणी थोडे कमी करायचे. उडून गेले की पाणी वाढवायला वाव आहे. दर गनपाशी तो हे करत होता, कारण उतारावर वर आणि खाली हवा सारखी नसते. गन बंद केली की होज ताबडतोब रिकामा करावा लागतो. हलगर्जी झाली तर आतले पाणी गोठते आणि तो होज त्या रात्रीपुरता गेला. हे सारे निर्णय कातडी बोचणाऱ्या थंडीत, पहाटे तीनला, एकेका माणसाने घ्यायचे असतात. कुठल्याही निविदेत ही बाही लिहिलेली नसते, म्हणून मी ती इथे लिहिते आहे.

आता वसंताकडे येते, कारण आपल्या वाचकांचा सगळा भर तिथेच आहे. एप्रिलच्या अखेरीस मी किलिंग्टनला पुन्हा गेले तेव्हा आसपासचे डोंगर तपकिरी झाले होते, ओढे भरून वाहत होते, आणि एका सुपरस्टार नावाच्या उतारावर मात्र लोक टी-शर्टवर स्कीइंग करत होते. एकही गन चालू नव्हती. त्या उतारावरचा बर्फ बहुतेक सगळा जानेवारी-फेब्रुवारीत केलेला. कडेला उभी राहिले तर त्याची भिंत माझ्या डोक्यावरून बरीच वर जात होती. नोव्हेंबरच्या अखेरीस याच उतारावर 2016 ते 2024 या काळात एक वर्ष वगळता महिलांच्या विश्वचषक शर्यती भरल्या, त्यासाठी पहिला थर तिथे पडायचा. आणि मग हिवाळ्यातल्या सर्वांत थंड रात्री हाताशी धरून त्यावर थरावर थर चढवतात. बाकीच्या उतारांना पुरेल एवढेच देतात. म्हणून किलिंग्टनचा हंगाम मेपर्यंत जातो, काही वर्षी तर जून उजाडेपर्यंत.

यंत्राने केलेला बर्फ गोल दाण्यांचा आणि घट्ट असतो. ताज्या पडलेल्या नैसर्गिक बर्फाचे एका घनमीटरचे वजन 100 किलोच्या आसपास, याचे 400 ते 500 किलो. तो सावकाश वितळतो. आणि वितळतो तो वरून, दिवसाला काही सेंटिमीटर. त्यामुळे तेवढाच बर्फ दहा उतारांवर पातळ पसरला तर मार्चमध्ये सगळीकडून जातो, आणि एकाच उतारावर रचला तर मेपर्यंत राहतो. रात्री गोठायचे, दुपारी वरचा थर साबुदाण्यासारखा सुटा व्हायचा, हा वसंतातला बर्फ स्कीइंग करणाऱ्यांना फार आवडतो. हंगाम लांबवणे म्हणतात ते हे. एप्रिलमध्ये यंत्रे चालवून कोणी हंगाम लांबवत नाही.

औलीच्या बाबतीत मात्र एक मोठा फरक आहे आणि तो मला कुठल्याच बातमीत दिसला नाही. औली साडेतीस अंश अक्षांशावर आहे, किलिंग्टन साडेत्रेचाळीसच्या थोडे वर. फेब्रुवारीच्या मध्यावर किलिंग्टनला दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 33-34 अंश वर येतो, औलीत 47 अंशांपर्यंत. किलिंग्टनला सूर्य एवढा वर यायला 21-22 मार्च उजाडतो. औलीची उंची समुद्रसपाटीपासून अडीच ते तीन हजार मीटर, त्यामुळे रात्री थंड आणि हवा बरीच कोरडी; बर्फ करायला हे चांगलेच. पण दुपारचे ऊन फेब्रुवारीतच वसंताचे असते. तेव्हा औलीत एप्रिलची स्वप्ने पाहण्यात अर्थ नाही. फेब्रुवारी राखणे हेच तिथे हंगाम लांबवणे. स्पर्धा त्याच महिन्यात असतात, महाराष्ट्रातून प्रशिक्षणाला जाणाऱ्या मुलामुलींचे गटही साधारण तेव्हाच जातात. गुलमर्गची वरची बाजू औलीपेक्षा बरीच उंच, तरी 2025 मध्ये खेलो इंडियाच्या तिथल्या स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून 9 मार्चला ढकलाव्या लागल्या. औलीला असे थांबून राहणे परवडणार नाही.

पाण्याचा हिशेब सांगते. एक हेक्टर उतारावर 30 सेंटिमीटर बर्फ घालायचा तर 3,000 घनमीटर बर्फ लागतो, आणि त्याला साधारण 12 ते 15 लाख लिटर पाणी. म्हणजे दहा हजार लिटरचे 120 ते 150 टँकर. शिवाय 30 सेंटिमीटर म्हणजे काहीच नव्हे, फेब्रुवारीचे ऊन सोसायचे तर त्याच्या दुप्पट-तिप्पट हवे. उताराची दोन-अडीच हेक्टरांची एक पट्टी धरली तरी आकडा एक कोटी लिटरपर्यंत सहज जातो. यातला बराचसा वाटा वितळून पुन्हा डोंगरातच जातो हे खरे, पण हिवाळ्यात तो झऱ्यांतून आणि ओढ्यांतून काढलेला असतो, जेव्हा त्यांच्यात पाणी सर्वांत कमी असते. व्हरमाँटमध्ये यासाठी 1996 पासून नियम आहे. एखाद्या ओढ्याचा फेब्रुवारी महिन्यातला मध्यक प्रवाह (अर्धा काळ ज्याहून जास्त आणि अर्धा काळ ज्याहून कमी पाणी वाहते तो) काढतात आणि प्रवाह त्याच्या खाली जात असेल तर बर्फासाठी उपसा थांबवायचा, ही तिथली सर्वसाधारण कसोटी. ओढ्याच्या तळाशी हिवाळाभर माशांची अंडी असतात, ती उघडी पडू नयेत म्हणून. याचा परिणाम असा झाला की स्कीइंगची ठिकाणे चालवणाऱ्या मंडळींनी तळी बांधली, पाऊसपाणी भरपूर असते तेव्हा ती भरून घेऊ लागले, आणि जुन्या, दाबाखालची हवा भरपूर खाणाऱ्या गन काढून कमी विजेच्या गन बसवू लागले, कारण पाण्याचा आणि विजेचा हिशेब द्यावा लागतो.

औलीच्या खाली जोशीमठ आहे. 1976 च्या मिश्रा समितीने हे गाव जुन्या दरडीच्या मलब्यावर वसलेले आहे आणि तिथे मोठी बांधकामे टाळावीत असा इशारा दिला होता. जानेवारी 2023 मध्ये आठशेहून अधिक घरांना तडे गेले, माणसे बिऱ्हाड उचलून निघाली, जोशीमठ-औली रोपवे बंद झाला. त्या डोंगराच्या माथ्यावर तलावातून गळणारे पाणी, फुटक्या पाइपातून मुरणारे पाणी, आणि कोट्यवधी लिटर बर्फ एकदम वितळून उतरणारे पाणी या प्रश्नाला बगल देऊन नवे तलाव मागणे मला मान्य नाही. नवा तलाव नको. आहे त्याचे अस्तर तपासा, गाळ काढा, तो पावसाळ्याच्या शेवटी भरून घ्या, आणि वितळणारे पाणी पक्क्या गटाराने नीट खाली नेण्याची सोय आधी करा. एका गोष्टीत औली भाग्यवान आहे: तलाव वर असल्याने खालच्या पट्टीला पाणी उताराने मिळू शकते. नाही तर एक घनमीटर पाणी 300 मीटर चढवायलाच, पंपाचा तोटा धरून, एक युनिटहून जास्त वीज जाते.

काहींनी युरोपचे उदाहरण देऊन उन्हाळाभर बर्फ साठवायची कल्पना मांडली आहे. ती खरी आहे. स्वित्झर्लंडमध्ये दावोसला वसंतात बर्फाचा ढीग लाकडाच्या भुशाच्या जाड थराखाली झाकतात आणि ऑक्टोबरच्या अखेरीस तो पसरून स्कीची वाट उघडतात. उन्हाळ्यानंतर साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश बर्फ शिल्लक असतो. पण हिमालयात जुलै-ऑगस्टचा पाऊस त्या भुशावर कोसळणार. औलीने त्यात पैसे घालू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

पैसे घालायचेच असतील तर माणसांवर घाला. जोशीमठ आणि आसपासच्या गावांतली मुले लहानपणापासून त्या उतारावर वाढलेली आहेत. त्यांतल्या पंधरा-वीस जणांना बारमाही पगारावर घ्या. उन्हाळ्यात व्हॉल्व्ह खोलून साफ करायचे, पंपाच्या सील बदलायच्या, होज तपासायचे; हिवाळ्यात रात्रपाळी. स्पर्धा ठरली की दिल्ली-डेहराडूनहून तंत्रज्ञ बोलवायचे आणि स्पर्धा संपली की कुलूप लावायचे, या पद्धतीने जगात कुठेही बर्फ झालेला नाही. दोन हिवाळे बंद राहिलेला पंप तिसऱ्या हिवाळ्यात बटण दाबून सुरू होत नाही, हे आमच्या वर्कशॉपमधला पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल.

आपल्या दैनिकाचे प्रतिनिधी उत्तराखंडात असतात असे दिसते. त्यांनी पुढच्या वेळी उताराच्या फोटोबरोबर एवढे विचारून यावे: औलीतल्या किती गन आणि किती व्हॉल्व्ह आज चालू आहेत? तलावाचा गाळ शेवटचा कधी काढला, गळती मोजली आहे का? गेल्या डिसेंबर-जानेवारीत वेट बल्ब उणे 3 च्या खाली किती तास होता, त्याची नोंद कोणी ठेवली आहे का, आणि त्यांतल्या किती तासांत यंत्रे चालली? ही उत्तरे छापून आली तर यंत्रे आणखी हवीत की नकोत, हे वाचकांना आपोआप कळेल. नोंदी मिळाल्या तर त्यावरून पट्टी किती रुंद आणि थर किती जाड धरता येईल याचे गणित करून द्यायला मी विनामोबदला तयार आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त अधिव्याख्याता, नागपूर