वेळासहून परतल्यावर

नाशिक, दि. १२ मार्च

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा रात्री आम्ही सुखरूप पोहोचलो, एवढेच फोनवर सांगितले. बाकीचे फोनवर सांगण्यासारखे नव्हते, म्हणून हे पत्र.

नाशिकहून पनवेल, माणगाव, म्हसळा असे करत हरिहरेश्वर गाठले. तिथल्या प्रदक्षिणेच्या वाटेवर खाऱ्या लाटांनी पोखरलेले खडक मधमाश्यांच्या पोळ्यासारखे जाळीदार झाले आहेत. मात्र ती वाट ओहोटीच्या वेळीच करावी. पुढे बागमांडल्याला गाडीसकट फेरीबोटीत चढून सावित्रीची खाडी ओलांडली. कुरव पक्षी बोटीच्या मागे येत होते, आणि बाबा, नांदूरमध्यमेश्वरच्या बांधावर तुम्ही मला पक्ष्यांची नावे सांगायचात त्या सकाळी आठवत राहिल्या.

वेळासला गेलो ते कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पूर्वी ही अंडी माणसे आणि कोल्ही-कुत्री नेत असत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन ती जपायला सुरुवात केली. आता अंडी कुंपणाच्या आत, मूळ घरट्याइतक्याच खोल खड्ड्यात ठेवतात, आणि साधारण ४५ ते ५५ दिवसांनी पिल्ले वर येतात. वाळू जास्त उबदार असेल तर माद्या अधिक, थंड असेल तर नर अधिक निपजतात, हे ऐकून मी थक्क झाले.

पहिल्या संध्याकाळी एकही पिल्लू आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यकर्त्याने घरट्यावरची टोपली उचलली, तर आत वाळूने माखलेली काळसर पिल्ले एकमेकांवर चढत होती. आई, तळहातात सहज मावेल एवढा जीव! पाण्यापासून काही अंतरावर सोडल्यावर ती आपणहून समुद्राकडे निघाली आणि ओल्या वाळूवर त्यांच्या वल्ह्यांसारख्या पायांच्या खुणा तुझ्या शिवणयंत्राच्या टिपेसारख्या उमटत गेल्या. एका पिल्लाला लाटेने तीनदा मागे ढकलले. ते पाण्यात जाईपर्यंत कोणी बोलले नाही.

त्या क्षणी तुम्ही दोघे शेजारी हवे होतात, असे फार वाटले. पिल्ले निघण्याचा हंगाम आणि आपली द्राक्षकाढणी एकाच वेळी येते, म्हणून बाबांना या दिवसांत कधी घर सोडता आले नाही, हे मला ठाऊक आहे. पण पुढच्या मार्चमध्ये बाग आपण पाहू, असे दादाने मला शब्द देऊन सांगितले आहे. राहायला गावकऱ्यांच्या घरीच सोय होते, जेवण घरगुती मिळते. किनाऱ्यापर्यंत थोडे चालावे लागते, तेव्हा बाबांच्या गुडघ्यांसाठी आपण वेळ हातात ठेवून निघू आणि वाटेत माणगावला एक मुक्काम करू.

डोळ्यांचे ऑपरेशन मात्र बाबांनी आता लांबवू नये. दिवाळीआधी करून घेतले, तर पुढचा हंगाम सापडेल. डॉक्टरांची तारीख मिळाली की कळवा, मी निफाडला येते.

तुमची,
माधुरी