फोंड्याच्या पेटीवाल्या काकांना

ती. काकांना सादर नमस्कार,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. पण फोंड्यात ज्या टेबलावर पेटीचा भाता उघडा पडलेला असतो, त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गिटारवाल्यांचे अ‍ॅम्प आणि पेडलं (आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या डब्या) खोलून बसणारे काका कोण, हे आपल्याकडच्या वाजवणाऱ्यांना सांगावं लागत नाही. कुणीतरी हे पत्र तुम्हाला वाचून दाखवेलच.

मे महिन्यात मी बंद पडलेलं कोरस पेडल, एका वाद्याचा आवाज अनेकांचा भासवणारं, घेऊन आलो होतो. दोन कपॅसिटर बदलता बदलता तुम्ही विचारलंत, "हे कशासाठी घेतलंस?" मी अमेरिकन गायक लू रीडच्या ‘वॉक ऑन द वाइल्ड साइड’चं नाव सांगितलं. त्यातला तो घरंगळत जाणारा, रुंद बेस, म्हणजे खर्जातल्या वाद्याचा आवाज, मला आमच्या बँडमध्ये हवा होता आणि त्यापायी दोन वर्षांत तीन पेडलं घेऊन विकून झाली होती. तुम्ही हेडफोन लावून अर्धं गाणं ऐकलंत आणि म्हणालात, "इथे पेडल आहे हे तुला कुणी सांगितलं? दोन वाद्यं आहेत ही."

खरंच दोन होती. बेसवादक हर्बी फ्लॉवर्सने आधी उभा डबल बेस वाजवला आणि मग त्यावर स्वतःच इलेक्ट्रिक बेस चढवला, दहाव्या स्वराच्या अंतरावर. खाली सा असेल तर वर पुढच्या सप्तकातला ग. शिवाय गाणं 1972 चं. आज आपण ज्याला कोरस पेडल म्हणतो त्यातलं पहिलं, बॉस कंपनीचं सीई-वन, आलं 1976 मध्ये. साल आधी बघायचं, ही गोष्ट इतकी साधी, पण मला ती तुमच्याकडे येईपर्यंत सुचली नव्हती.

त्या दिवशी तुम्ही मला तसाच पाठवू शकला असता. त्याऐवजी दुरुस्तीला आलेली पेटी पुढे ओढलीत, एका सुराच्या आतल्या दोन पितळी जिभांपैकी (रीड्सपैकी) एकीचं टोक अगदी हलकं खरवडलंत आणि भाता मारलात. सुरातून लाटा यायला लागल्या, सेकंदाला साधारण दोन. "हे ऐकून ठेव," म्हणालात, "आणि आता तुझं पेडल ऐक." पेटीतल्या लाटा एकसारख्या वेगाने येत राहिल्या, पेडलच्या मात्र दाट होऊन पुन्हा विरळ होत होत्या. कारण पेडल सुराची नक्कल 20-30 मिलिसेकंद मागे ठेवतं आणि तो उशीर हळूहळू ताणतं-आवळतं, त्यामुळे नक्कल कधी थोडी चढी लागते, कधी थोडी उतरी. आतल्या आयसीचं, म्हणजे सूर टप्प्याटप्प्याने पुढे सरकवून उशीर घडवणाऱ्या चिपचं, काम समजावताना तुम्ही विहिरीवरून ओळीने कळश्या पुढे देणाऱ्या बायकांचं उदाहरण दिलंत. नंतर वाचलं तर 1969 मध्ये फिलिप्समध्ये ते सर्किट शोधणाऱ्यांनी त्याचं नावच बादल्यांच्या रांगेवरून ठेवलं होतं.

फ्लँजरचा, म्हणजे विमानासारखा सरसरता आवाज देणाऱ्या पेडलचा, धडा मात्र मी आयुष्यभर विसरणार नाही. "दाबोळीला धावपट्टीच्या जवळपास जा," तुम्ही म्हणालात, "विमान डोक्यावर आलं की उभा राहून ऐक, मग पटकन खाली बस." मी गेलो. विमानाचा आवाज थेट कानात येतो आणि जमिनीवर आपटूनही येतो. उभं असताना त्या दोन आवाजांत 9-10 मिलिसेकंदांचं अंतर पडतं. खाली बसलं की ते कमी होतं आणि तो धातूसारखा "श्शूं" सरसर वर चढतो. फ्लँजर हेच करतं, फक्त उठाबशा ते सर्किटमध्ये काढतं. त्या दुपारनंतर फ्लँजर आणि तसाच हेलकावा देणारं फेझर पेडल यांत माझा गोंधळ झाला नाही. फेझरमध्ये उशीर नसतो, फक्त सुराची कला (फेझ, म्हणजे लहरीची चढ-उताराची वेळ) फिरवलेली असते. एमएक्सआरच्या फेझ नाइंटीत अशा चार पायऱ्या आहेत, म्हणून आवाजात खड्डे, म्हणजे दबून गेलेल्या जागा, फक्त दोन पडतात आणि ऐकायला ते मऊ लागतं, कुणी तोंड उघडत-मिटत आकार लावावा तसं. फ्लँजरचे खड्डे कंगव्याच्या दातांसारखे समान अंतरावर आणि कितीतरी जास्त.

बेसला हे सगळं का जपून लावायचं तेही तुमच्यामुळे कळलं. सगळ्यात जाड तार 41 हर्ट्झवर बोलते, तिथे कोरस खोल लावला की सूर पायाखालून सरकतो आणि ड्रमरसुद्धा वळून बघतो. न्यू ऑर्डर बँडचा बेसवादक पीटर हूक याचा कोरस इतका उठून दिसतो, कारण तो वरच्या तारांवर, उंच पट्टीत चाली वाजवतो. पेडल इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं क्लोन थिअरी, पण ते बोलतं त्याच्या हाताच्या जागेमुळे.

तुमची बाकीची शिकवण मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे. लांब धरलेल्या एकाच सुरावर हेलकावा चालू राहिला तर मॉड्युलेशन, म्हणजे कोरस-फ्लँजर-फेझरची जात. प्रत्येक टोल्याबरोबर तो नव्याने सुरू झाला तर म्यू-ट्रॉन थ्रीसारखा, टोल्याच्या जोराने उघडणारा फिल्टर. पायाने ताल धरल्यावर मागचे ठोके त्यात बसले तर प्रतिध्वनी. पिंक फ्लॉइडच्या 1971 च्या ‘वन ऑफ दीज डेज’चा बेस मी कितीतरी दिवस ट्रेमोलो (आवाज लहान-मोठा करणारा हेलकावा) समजत होतो. तुम्ही टेबलावर बोटं वाजवलीत आणि बिन्सनचं एकोरेक, ते प्रतिध्वनीचं यंत्र, माझं मलाच ऐकू आलं.

एवढ्या सगळ्याचे तुम्ही घेतलेत ते दोन कपॅसिटरचे पैसे. मी आग्रह केला तेव्हा, "पेटी ऐकलीस ना, झालं," म्हणून भात्याकडे वळलात. बंद पेडल घेऊन आलेल्या अनोळखी मुलाला तुम्ही अख्खी संध्याकाळ दिलीत, आणि बाहेर भजनी मंडळाची माणसं त्यांच्या पेटीसाठी थांबली होती. त्यांचेही आभार मानतो, कुणी एका शब्दानेही घाई केली नाही.

काल पणजीहून येताना कदंबच्या बसमध्ये एरोस्मिथचं ‘स्वीट इमोशन’ लावलं होतं, 1975 चं. सुरुवातीच्या बेसला एक लाकडी, पोकळ टोक आहे. साल बघितलं, हेलकावा शोधला, तो मिळाला नाही. मग प्रत्येक टोल्याची सुरुवात पुन्हा पुन्हा ऐकली. बेसच्या जोडीला मारिंबा, ते लाकडी पट्ट्यांचं वाद्य, वाजतोय, काका. घरी येऊन पडताळलं, बरोबर निघालं. कुणीही न सांगता मला ऐकू आलेलं हे पहिलंच.

शनिवारी दुकानात येतो. हेडफोन मी आणतो, तुम्ही फक्त पहिली वीस सेकंदं ऐका.

तुमचा,
कोरसवाला