चुन्याच्या जागी सिमेंट

महोदय,

११ जुलै २०२५ रोजी बारा मराठा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, याचा आनंद मोठा आहे; परंतु दहांपैकी किमान एक निकष पूर्ण करण्याबरोबरच स्थळाची अस्सलता, अखंडता आणि संरक्षणाची व्यवस्था इकोमॉस या युनेस्कोला सल्ला देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे तज्ज्ञ तपासतात, त्यानंतरच २१ देशांची समिती निर्णय घेते, हे आपण विसरू नये. एल्बे नदीवरील चौपदरी पुलापायी जर्मनीतील ड्रेस्डेन परिसराचे नाव २००९ मध्ये याच यादीतून वगळले गेले. परवाच एका गडावर तटाच्या दरजांत चुन्याऐवजी सिमेंट भरलेले आणि चिऱ्यांवर खिळ्याने नावे कोरलेली पाहून जीव तुटला. प्रत्येक गडाचा व्यवस्थापन आराखडा पायथ्याच्या ग्रामपंचायतीत, मराठीत, सर्वांना वाचता येईल असा लावावा, ही विनंती.

– एक दुर्गप्रेमी, पुणे