पुरात भिजलेल्या गालिच्यांचे काय करायचे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या दैनिकात पूरपट्ट्यातील कुटुंबांसाठी सूचना प्रसिद्ध झाल्या. कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावीत, औषधे हाताशी असावीत, घर सोडताना मेन स्विच बंद करावा, या सर्व सूचना योग्यच आहेत. परंतु पाणी ओसरल्यावर घरातील जी वस्तू सर्वांत जड होते आणि सर्वांत शेवटी बाहेर निघते, त्या गालिच्या-सतरंज्यांविषयी त्यांत एक ओळही नव्हती. सांगलीच्या गावभागात तळमजल्यावर राहून २०१९ आणि २०२१ असे दोन पूर काढलेला वाचक म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून आमच्या घराची अवस्था लक्षात यावी. परतलो तेव्हा दिवाणखान्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेले नायलॉनचे कार्पेट, वडिलांनी हौसेने घेतलेला लोकरीचा गालिचा आणि कार्यप्रसंगी काढायच्या दोन सतरंज्या व एक जाजम, हे सर्व काळ्या गाळाखाली गेले होते. धड वस्तू टाकून देणे आमच्या पिढीला जमत नाही, म्हणून आम्ही सगळेच वाचवायचे ठरवले. कार्पेट उपटले नाही. वरूनच धुतले, दोन पंखे लावले आणि पाय ठेवल्यावर ओल लागत नाही एवढ्यावर समाधान मानले. वरचा भाग आठवड्यात कोरडा झाला, खालचा फोमचा थर मात्र दिवाळीपर्यंत ओला होता. तोवर घरातील कुबट वास आम्ही उदबत्तीने झाकत होतो आणि आईचा खोकला हवामानाच्या खात्यावर टाकत होतो. शेवटी कोपरा उचलून पाहिला तेव्हा फोमचा चिखल झालेला आणि फरशीवर काळी-हिरवी बुरशी पसरलेली दिसली.

असे का होते, हे नंतर समजले. या कार्पेटमध्ये धाग्यांचे टाके जाळीदार कापडात बसवलेले असतात आणि त्याच्या पाठीमागे दुसरे कापड लॅटेक्सने चिकटवलेले असते. पाण्यात फार वेळ राहिले की ते लॅटेक्स सुटते, थर विलग होतात आणि मग कितीही धुतले तरी कार्पेटला फुगे येतात. खालचा फोम तर पाणी धरून ठेवण्यासाठीच केला असावा असा वागतो. दमट हवेत २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते आणि आपल्याकडे पुरानंतर तेवढ्या वेळात धड ऊनही पडत नाही.

त्यामुळे पहिला प्रश्न गालिचा किती भारी आहे हा नसून पाणी कोठून आले हा आहे. गच्चीवरची टाकी भरून वाहिली किंवा नळ उघडा राहिला, तर ते पाणी स्वच्छ असते. त्याच दिवशी हालचाल केली तर कार्पेट वाचते आणि बहुतेक वेळा फक्त खालचा फोम बदलावा लागतो. नदीच्या किंवा ओढ्याच्या पुराचे पाणी म्हणजे गटारे, शौचालयांच्या टाक्या, मेलेली जनावरे, सांडलेले डिझेल आणि शेतातली औषधे यांचे मिश्रण. ते प्यालेले चिकटवलेले कार्पेट आणि फोम घरात ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. २०१९ मध्ये एका व्यावसायिकाने आमचे कार्पेट 'नव्यासारखे' करून देण्याची हमी दिली होती. त्याने वरून फेस फिरवला, सुवासिक फवारा मारला आणि पैसे घेतले. फवाऱ्याचा वास तीन दिवस टिकला.

लोकरीचा किंवा सुती विणीचा सुटा गालिचा हा अपवाद आहे, कारण तो दोन्ही बाजूंनी धुता आणि वाळवता येतो. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढले तेव्हा आम्ही शहाणे झालो होतो. बाकी सामान वरच्या मजल्यावर नेले. तेवढा गालिचा राहिला. पाणी उतरल्यावर प्रथम विजेचा मेन स्विच बंद असल्याची खात्री केली, पायांत गमबूट आणि हातांत रबरी मोजे घातले, आणि गुंडाळी काठीने हलवून मगच हात लावला. ही अतिरेकी काळजी वाटेल, परंतु शेजारच्या घरी ओल्या सतरंजीच्या घडीतून विंचू निघाला होता आणि पुरात सापही असाच कोरडा-ओला आडोसा शोधतात. हातापायांवर जखम असताना या चिखलात उतरणे म्हणजे लेप्टोला (दूषित पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाला) आमंत्रण.

गाळ ओला असतानाच धुवावा, कारण कृष्णेचा बारीक गाळ एकदा लोकरीत वाळला की सिमेंटसारखा बसतो. भिजलेला गालिचा दोरीवर किंवा कठड्यावर टाकू नये. त्याच्याच वजनाने वीण ताणून फाटते. आम्ही तो तिघांनी उचलून गच्चीच्या उतारावर पसरला, दोन्ही बाजूंनी पाणी मारले, रबरी वायपरने लोकरीचे केस ज्या दिशेने झुकतात त्या दिशेने पाणी काढले आणि मग खालून वारा लागावा म्हणून लोखंडी नव्हे, लाकडी बाजेवर टाकला. लोखंडाचा गंज लोकरीवर उतरला की निघत नाही. पाऊस आला की आत, थांबला की बाहेर, असे दहा दिवस चालले. घरच्या साध्या व्हॅक्यूम क्लीनरने पाणी ओढण्याचा प्रयोग कोणी करू नये, त्यात शॉकचा धोका आहे. वाळल्यावर एक कोपरा हलकेच दुमडून कान द्यावा: करकर आवाज आला तर आतला सुती ताणा (विणीचे उभे धागे) कुजला आहे असे समजावे. आमच्या गालिच्याने एका बाजूला तो आवाज केला. तेवढा भाग कापून कडा शिवून घेतल्या.

ब्लीचिंग पावडरबद्दल एक वाक्य लिहिलेच पाहिजे. पुरानंतर ती घरोघर मिळते आणि हाती आली की लोक ती दिसेल त्यावर टाकतात. फरशीसाठी ती उत्तम आहे, पण क्लोरीन लोकर खाऊन टाकते. गल्लीतील एक सुंदर गालिचा पुराने नव्हे, ब्लीचिंगने गेला.

आता मुख्य अडचणीकडे येतो. आरोग्याच्या दृष्टीने सडलेले कार्पेट त्याच दिवशी घराबाहेर जायला हवे, पण पंचनामा होईपर्यंत किंवा विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत लोक ते टाकायला धजत नाहीत. सरकारी मदत २०२१ मध्ये कपड्यांसाठी ५ हजार आणि भांडी व घरगुती वस्तूंसाठी ५ हजार अशी ठोक स्वरूपात होती, म्हणजे त्यासाठी गालिचा जपून ठेवण्याचे कारणच नव्हते. तरीही 'साहेब येऊन बघतील' म्हणून कुजके गुंडाळे ओसरीत पडून होते. विम्याचे थोडे वेगळे आहे. १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेल्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत घराच्या विम्याबरोबर घरातील सर्वसाधारण सामानालाही, इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के आणि कमाल १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते आणि त्यात पुराचे नुकसान येते. पुष्कळ पॉलिसीधारकांना हे ठाऊकच नसते. अशा घरांनी कंपनीला लगेच कळवावे, खोलीत जागेवर असतानाच भिंतीवरील पाण्याच्या रेषेसह छायाचित्रे काढावीत, लांबी-रुंदी लिहून ठेवावी, वीतभर तुकडा कापून धुऊन वाळवून ठेवावा आणि उरलेले बाहेर काढण्याची परवानगी कंपनीकडून लेखी, निदान मोबाइलवरील संदेशाने, घ्यावी.

प्रशासनाला विनंती अशी की पूर ओसरल्यावर गाद्या आणि कार्पेट यांच्यासाठी पहिल्या दोन दिवसांत वेगळी गाडी फिरवावी आणि तिची वेळ आधी ध्वनिक्षेपकावरून सांगावी. सफाई कर्मचारी दोन्ही वेळी अक्षरशः राबले, त्याबद्दल तक्रार नाही. पण पाणी प्यालेली गादी आणि चिखल एकाच ढिगात गेले की तो ढीग फावड्याने हलत नाही, यंत्राची वाट पाहत रस्त्यावर पडून राहतो आणि मधल्या पावसात त्याचे पाणी पुन्हा घराच्या दारात येते. छायाचित्रांवर आधारित पंचनामा ग्राह्य धरला जाईल, हेही त्याच ध्वनिक्षेपकावर सांगितले तर अर्धी घरे त्याच दिवशी मोकळी होतील.

आमच्या दिवाणखान्यात आता नुसती फरशी आहे. वडिलांचा गालिचा, एका बाजूने आखूड झालेला, जूनमध्ये माडीवर जातो आणि दसऱ्याला खाली येतो.

आपला नम्र,
एक वाचक, गावभाग, सांगली