बोटीवर निघालेल्या सोहमला

डिचोली, गोवा

प्रिय सोहम,
अनेक आशीर्वाद.

चाचे बोटीवर चढू नयेत म्हणून काय करायचं ते तुमच्या कोर्समध्ये शिकवलंच असेल. काटेरी तारा, पाण्याचे फवारे, शेवटी ती आतून बंद होणारी मजबूत खोली, सिटाडेल. जानेवारी २०२४ मध्ये ‘लीला नॉरफोक’वरचे २१ जण त्या खोलीत शिरले, त्यांत १५ भारतीय होते. नौदलाचे मार्कोस कमांडो येईपर्यंत ते आतच राहिले आणि सगळे सुखरूप सुटले. पण दार वेळेत लागलंच नाही तर? त्या पुढचं मी लिहिते. बारावीच्या मुलांना मानसशास्त्र शिकवण्यात जन्म गेला, घरच्यालाच तेवढं शिकवायचं राहिलं.

ओलीस माणसं पकडणाऱ्याच्याच प्रेमात पडतात, असं तू कुठेतरी ऐकलं असशील. ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ म्हणतात त्याला. हे सगळं ऑगस्ट १९७३ मधल्या स्टॉकहोमच्या बँकेपासून सुरू झालं. यान-एरिक ओल्सनने चार कर्मचाऱ्यांना सहा दिवस धरून ठेवलं होतं. तिजोरीच्या खोलीत एकीचा जीव घुसमटायला लागला, तेव्हा त्याने तिला गळ्यात दोरी बांधून थोडं बाहेर फिरू दिलं. तिला तो भला माणूस वाटला! लोक हसतात याला. मला हसू येत नाही. जिथे श्वाससुद्धा दुसऱ्याच्या मर्जीवर चालतो, तिथे दोरीची लांबी हीच दया. आणि पोलिसांनी काय केलं होतं? तिजोरीचं दार बाहेरून लावून घेतलं, वरून छताला भोकं पाडली, शेवटी त्यांतून अश्रुधूर सोडला. क्रिस्टिन एनमार्क या ओलीस मुलीने थेट पंतप्रधान पाल्मेंना फोन करून सांगितलं की भीती पोलिसांची वाटते. मला तर ती त्या खोलीतली सगळ्यांत शहाणी वाटते. तरी नील्स बेयेरोट या मानसोपचारतज्ज्ञाने तिच्या वागण्याला आजाराचं लेबल लावलं. हा माणूस माझ्याशी बोललासुद्धा नव्हता, असं एनमार्क पुढे सांगत राहिली. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत पुस्तकात हा आजार आजही नाही.

१९९९ च्या डिसेंबरात आपलं विमान कंदाहारला नेलं, तेव्हाही हेच. त्याच विमानात एका तरुणाला भोसकून मारलं होतं. तरी ‘बर्गर’ नावाने वावरणाऱ्या अपहरणकर्त्याबद्दल काही प्रवासी सुटल्यावर बरं बोलले, आणि घरात बसून टीव्ही बघणाऱ्यांनी त्यांना नावं ठेवली.

वाटाघाटी करणाऱ्या पोलिसांना मात्र ही जवळीक हवीच असते. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ओलीस ठेवलेले इस्रायली खेळाडू मारले गेले, त्यानंतर न्यूयॉर्क पोलिसांनी यासाठी वेगळं पथक उभारलं. त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे वेळ. पहिला तास सगळ्यांत वाईट, बंदूकवाल्याचेही हात थरथरत असतात. मग भूक लागते, झोप येते, राग निवतो, आणि समोरच्या माणसाला नाव आहे, घर आहे हे त्याला दिसायला लागतं. नाव माहीत झालेल्या माणसावर गोळी झाडणं जड जातं. बोलणारा अधिकारी स्वतः काहीच कबूल करत नाही, “वर विचारतो” म्हणून वेळ काढतो.

तेव्हा सांगतील ते कर. मान खाली घाल. नाव विचारलं तर सांग, भाताचा घास दिला तर खा. सुटून आल्यावर त्यांच्यातल्या एखाद्याबद्दल तुझ्या तोंडून चांगला शब्द गेला तर मी कपाळाला आठी घालणार नाही. तुझ्याबरोबरचा कुणी तसं बोलला तर तूही त्याला दूषण देऊ नकोस.

समुद्रावर मात्र वेळ फार लांबू शकतो. ‘अस्फाल्ट व्हेंचर’ २०१० मध्ये पकडली, खंडणी पोचल्यावर २०११ मध्ये बोट सुटली, पण सात भारतीयांना चाच्यांनी ठेवून घेतलं. ते सुटले २०१४ मध्ये. चाचे घरी फोन लावून देतात आणि रडायला लावतात, म्हणजे घरचे कंपनीच्या दारात जाऊन बसतील. तसा फोन आला तर तू मनसोक्त रड. मी ऐकून घेईन, कसलंही वचन देणार नाही, आणि ठेवल्यावर कंपनीला कळवीन. तेवढा वेळ माझा आवाज थंड वाटला तर मनाला लावून घेऊ नकोस.

म्हणूनच कंपनीच्या फॉर्मवर जवळचा नातेवाईक म्हणून बाबांचं नाव टाकलंयस ते बदल. ते पहिल्याच मिनिटाला घर-भाट सगळं विकायला काढतील. माझा मोबाईल नंबर दे.

तुझी,
आई