आईच्या लिव्हरमधली गाठ, आणि सोनोग्राफीवाल्या मॅडमना मनापासून थँक्यू

मॅडम, नमस्कार. तुमचं नाव लिहीत नाही, पण वाचलंत तर ओळखालच, ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या काकू आणि त्यांचा सारखे प्रश्न विचारणारा मुलगा.

पित्ताशयात खडे आहेत का बघायला गेलो आणि साध्या सोनोग्राफीत लिव्हरवर गाठ निघाली, रिपोर्टमध्ये खाली मेटास्टेसिसची, म्हणजे आधीचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरल्याची शंका. आधी कॅन्सर होऊन गेलेल्या घरात त्या एका ओळीने काय होतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्यात आईचं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनीचं काम मंदावलेलं, म्हणून आयोडीनचं कॉन्ट्रास्ट (फोटोत रक्तवाहिन्या उठून दिसायला शिरेतून देतात ते औषध) देऊन सीटी करायला डॉक्टर का कू करत होते, त्यांनीच मग तुमच्याकडे कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीला पाठवलं. असं काही असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं!

तुम्ही आधी आईला समजावलंत, मला नाही, हे मला फार आवडलं. हातातल्या शिरेतून दोनेक मिली औषध जाणार, त्यात गॅसचे इतके बारीक बुडबुडे की रक्ताच्या पेशीएवढे, ते रक्तवाहिनीतून बाहेर पडत नाहीत, किडनीवर भार नाही, गॅस नंतर श्वासावाटे निघून जातो. आई म्हणाली म्हणजे सोडाच की, आणि तुम्ही चक्क हो म्हणालात.

मग स्क्रीन आमच्याकडे वळवलीत. लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं, धमनीतून थोडं आणि पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून जास्त, म्हणून आधी काय उजळतं आणि नंतर काय होतं ते बघायचं. लिव्हरमध्ये पसरलेला कॅन्सर असेल तर गाठ सुरुवातीला चमकते, बऱ्याचदा कडेने, आणि मिनिटाच्या आतच आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा काळी पडायला लागते. आईची गाठ कडेकडेने ठिपक्याठिपक्यांनी उजळली, मग हळूहळू आत भरत गेली आणि शेवटपर्यंत काळी पडलीच नाही. हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा साधा गुंता. एरवी तो सोनोग्राफीत पांढरा दिसतो, पण आईचं लिव्हर फॅटी असल्याने लिव्हरच पांढरं झालेलं आणि त्यात गाठ काळी दिसली, गोंधळ तिथे झाला. पहिल्या रिपोर्टवाल्यांचा यात दोष नाही, आधीचा कॅन्सर माहीत असताना शंका लिहायलाच हवी होती.

खरं सांगू का, थँक्यू त्या उत्तरासाठी नाहीच, उत्तर वाईट आलं असतं तरी हे लिहिलं असतं. सुरुवातीलाच उजळलेलं बघून मी "चांगलंय ना?" विचारलं तेव्हा तुम्ही पोटावर धरलेला प्रोब न हलवता "थांबा, अजून बघायचंय" एवढंच म्हणालात. नंतर सांगितलंत की लिव्हरचा स्वतःचा कॅन्सर कधी कधी उशिरा आणि थोडासाच काळा पडतो, म्हणून चार-पाच मिनिटं बघितल्याशिवाय बोलायचं नाही. त्या खोलीत माझा जीव टांगणीला लागला होता पण उगाच धीर देणारं माणूस मला तेव्हा नकोच होतं.

बायोप्सीची सुई टळली. डॉक्टरांनी तुमच्या क्लिप बघितल्या आणि फक्त सहा महिन्यांनी साधी सोनोग्राफी करायला सांगितलीय, त्याची अपॉइंटमेंट तुमच्याकडचीच लागेल, आई दुसरीकडे यायला तयार नाही. खड्यांचं मात्र अजून तसंच आहे, ऑपरेशनचं नाव काढलं की ती विषय बदलते, पुढच्या वेळी तुम्हीच बोला तिच्याशी प्लीज.